रॅट मागवण्याआधी: प्राणी-प्रयोगांचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू कसा करायचा

प्राण्यांवर प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी आचारसमितीकडे, म्हणजे आयएईसीकडे, फॉर्म बी भरून द्यावा लागतो. त्यातले तीन प्रश्न फार कळीचे आहेत. हाच प्राणी का? इतकेच प्राणी का? आणि असा प्रयोग आधी कुणी केलाय का, केला असेल तर पुन्हा कशाला? एम.फार्म.ची मुलं बहुतेक वेळा या चौकटींत मागच्या बॅचच्या सिनिअरचा मजकूर उतरवतात. वनस्पतीचं नाव बदलतं, 'प्रत्येक गटात सहा' तेवढं तसंच राहतं. सहाच का, हे विचारलं तर 'सगळे सहाच घेतात' हे उत्तर मिळतं.

या तीन चौकटी खऱ्या अर्थाने भरायच्या असतील तर आधी झालेल्या प्रयोगांचा पद्धतशीर आढावा, म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, घ्यावा लागतो. हा आढावा प्रयोग उरकल्यावर थिसिसच्या दुसऱ्या प्रकरणासाठी लिहायचा नसतो. रॅट मागवण्याआधी लिहायचा असतो. हा लेख त्यासाठी आहे. फार्मसी, प्राणिशास्त्र, बायोटेक किंवा गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, एमडी फार्माकॉलॉजी करणाऱ्या, आणि याआधी असा रिव्ह्यू न केलेल्या कुणालाही तो वापरता येईल.

आधी, हा खटाटोप कशासाठी

2009 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या सरकारी पैशांवर झालेल्या प्राणी-प्रयोगांचे 271 पेपर तपासले गेले. प्राणी गटांत यादृच्छिक (रँडम) पद्धतीने वाटले, असा उल्लेख 87 टक्के पेपरांत नव्हता. मोजणाऱ्याला कुठला प्राणी कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं, म्हणजे ब्लाइंडिंग झालं होतं, असा उल्लेख 86 टक्क्यांत नव्हता. या पाहणीनंतर 2010 मध्ये 'अराइव्ह' ही लेखन-मार्गदर्शक तत्त्वं आली आणि 2020 मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली.

दुसरं उदाहरण पक्षाघाताचं. निमोडिपिन या औषधाच्या माणसांवरच्या चाचण्यांत हजारो रुग्ण घेतले गेले आणि हाती काही लागलं नाही. मग 2001 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मागे जाऊन प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र वाचले, तेव्हा दिसलं की एवढ्या चाचण्या सुरू कराव्यात इतका भक्कम पुरावा प्राण्यांतही नव्हता. कित्येक प्राणी-प्रयोग तर माणसांवरच्या चाचण्यांच्या बरोबरीनेच चालू होते. वाचायचं काम आधी झालं असतं, तर प्राणीही वाचले असते आणि रुग्णांचा वेळही.

2010 मध्ये आणखी एक हिशेब मांडला गेला. पक्षाघाताच्या प्राणी-प्रयोगांच्या 525 प्रकाशनांपैकी केवळ 10 प्रकाशनांनी 'ठळक परिणाम दिसला नाही' असं कबूल केलं होतं. न छापलेले निकाल अंदाजाने धरले, तर दाखवलेल्या गुणाचा सुमारे तिसरा हिस्सा फुगवलेला ठरत होता. कुणी खोटं लिहिलं असं नाही. निराश करणारे निकाल कपाटात पडून राहिले, इतकंच.

प्रश्न एका वाक्यात बसवा

आपण एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. विषय आपल्याच मातीतला: भिरंड, म्हणजे कोकम. सत्तरी-सांग्याकडून भिरंडं आणून अर्क काढायचा आणि मधुमेही रॅटांना द्यायचा, हा आपल्याकडच्या विद्यार्थ्याला सहज सुचणारा प्रकल्प.

'कोकमाचे मधुमेहावरील परिणाम' हा प्रश्न नव्हे, हे प्रकरणाचं शीर्षक झालं. प्रश्नाला चार पाय लागतात: कुठला प्राणी आणि त्याला आजार कसा आणला, काय दिलं, तुलना कशाशी, आणि मोजलं काय. मग वाक्य असं होतं: 'स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेह आणलेल्या रॅट आणि माइसमध्ये, भिरंडाच्या सालीचा अर्क तोंडावाटे दिल्यास, काहीच न दिलेल्या मधुमेही प्राण्यांच्या तुलनेत उपाशीपोटीची रक्तशर्करा किती उतरते?'

हे वाक्य लिहिताना शंभर शंका येतात आणि त्या इथेच यायला हव्यात. ताजं भिरंड की वाळवलेली सोलं? पाण्यातला अर्क की मिथेनॉलमधला? साल की बी? गार्सिनॉल हा भिरंडातला घटक शुद्ध स्वरूपात दिलेला प्रयोग चालेल का? स्ट्रेप्टोझोटोसिन इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच मारतं. त्यामुळे हे मॉडेल टाइप 2 मधुमेहाशी थेट जुळत नाही, म्हणून काही जण सोबत चरबीयुक्त आहार किंवा निकोटिनामाइड देतात. ते प्रयोग घ्यायचे की वेगळे ठेवायचे? जे ठरेल ते कारणासकट लिहून ठेवा. पेपर हातात आल्यावर ठरवलं तर आपल्याला आवडणारा निकाल ज्या पेपरात आहे तो आपोआप 'बसतो', आणि हे आपल्या लक्षातही येत नाही.

प्रोटोकॉल लिहा आणि नोंदवा

प्रश्न, शोध कुठे करणार, काय घेणार, काय गाळणार, कोणती माहिती काढणार, हिशेब कसा करणार, उपगट कोणते पाडणार, हे सगळं आधी चार-पाच पानांत. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या रॅडबाउड विद्यापीठात सुरू झालेल्या 'सर्कल' या केंद्राने प्राणी-प्रयोगांच्या रिव्ह्यूसाठी प्रोटोकॉलचा तयार नमुना दिला आहे, तो भरला तरी अर्धं काम होतं. नंतर प्रोटोकॉल 'प्रॉस्पेरो'वर नोंदवा. ही नोंदवही ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठाची, पैसे लागत नाहीत. फक्त विषयाचा मानवी आरोग्याशी संबंध हवा. नोंदणी पेपरांची चाळणी सुरू होण्याआधीच करा.

दोनापावलला समुद्री जिवांवर किंवा झेब्राफिशवर विषारीपणाचं काम करणाऱ्यांना प्रॉस्पेरो कधीकधी लागू पडणार नाही. त्यांनी प्रोटोकॉल ओएसएफसारख्या (ओपन सायन्स फ्रेमवर्क) खुल्या साठ्यावर तारखेसह ठेवावा. तारीख महत्त्वाची.

जोडीदार शोधा

हे काम एकट्याने होत नाही. प्रत्येक पेपर दोघांनी, एकमेकांना न विचारता, तपासायचा असतो. जुळलं नाही तर तिसऱ्याने निवाडा करायचा, बहुतेक वेळा गाइड सर किंवा मॅडमनी. जोडीदार आपल्याच लॅबचा असला तर दोघांचाही जीव त्याच अर्कावर जडलेला असतो, म्हणून दुसऱ्या विभागातला मिळाला तर उत्तम. ताळगाव पठारावरचं (गोवा विद्यापीठातलं) कुणी आणि बांबोळीचं (गोमेकॉतलं) कुणी अशी जोडी छान चालते. आकडेवारीच्या माणसालाही आत्ताच भेटा. शेवटी गेलात तर ते फक्त डोक्याला हात लावतात.

शोध: इथे घाई नको

कमीत कमी दोन डेटाबेस हवेत. पबमेड सर्वांना खुलं आहे. एम्बेस, स्कोपस, वेब ऑफ सायन्स यांना वर्गणी लागते, आपल्या संस्थेकडे कुठलं आहे ते ग्रंथपालांना विचारा. खरं तर शोधाची ओळ लिहिताना ग्रंथपालांना शेजारीच बसवा. आपल्याकडे ग्रंथपालांना पुस्तक मागण्यापलीकडे कुणी काही विचारत नाही, आणि हे आपलंच नुकसान.

शोधाच्या ओळीचे तीन भाग: औषध, आजार, प्राणी. औषधाच्या भागात शास्त्रीय नाव, त्याची जुनी पर्यायी नावं, कोकम या शब्दाची इंग्रजीतली तीन-चार स्पेलिंगं, पोर्तुगीज वळणाचं 'ब्रिंडाओ', आणि गार्सिनॉल, हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिड हे घटक, सगळं 'ऑर'ने जोडून टाका. हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिड टाकलं की गार्सिनिया कॅम्बोजियाचे पेपर धबधब्यासारखे कोसळतील. ती वेगळी जात आहे, चाळणीत बाहेर काढा, 'कोकम कुळातलंच' म्हणून आत घेऊ नका.

प्राण्यांच्या भागात नुसतं 'रॅट' लिहिणं पुरत नाही. पबमेडवर नुकत्याच आलेल्या पेपरांना विषयसूचक शब्द लागलेले नसतात, मग ते निसटतात. सर्कलने पबमेडसाठी प्राणी-प्रयोगांचा तयार फिल्टर छापलेला आहे, लांबलचक आहे, जसाच्या तसा चिकटवा.

मग जे छापलं गेलं नाही ते. भारतात यासाठी शोधगंगा हा खजिना आहे. पीएचडीचे प्रबंध तिथे असतात, आणि ज्या प्रकरणात 'परिणाम आढळला नाही' असं लिहिलंय त्याचा पेपर बहुधा कधी झालेलाच नसतो. भिरंडासारख्या कोकणपट्टीच्या वनस्पतीसाठी शोधगंगा सोडणं म्हणजे अर्धा पुरावा सोडणं.

पूर्ण पेपर मिळत नसेल तर? सरकारी संस्थांत असाल तर 2025 पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून बरीच जर्नल उघडतात. नाहीतर लेखकाला ईमेल करा. उत्तरं येतात, लोक समजतात त्यापेक्षा जास्त येतात.

शोध कुठल्या तारखेला, कुठल्या डेटाबेसवर, नेमक्या कुठल्या ओळीने केला आणि किती निकाल आले, हे त्याच वेळी वहीत लिहा. प्रिझ्मा 2020 या रिव्ह्यू-लेखनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतला प्रवाह-तक्ता (किती पेपर सापडले, किती गाळले, किती उरले) शेवटी याच आकड्यांवर उभा राहतो.

चाळणी

सगळे निकाल झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणा, दुबार निघालेले काढा. मग चाळणीसाठी रय्यान किंवा एडिनबरोच्या कॅमराडेस गटाचं 'सिर्फ' ही ऑनलाइन साधनं वापरा. सिर्फ प्राणी-प्रयोगांसाठीच बनवलेलं आहे आणि फुकट आहे. आधी शीर्षक आणि गोषवारा, मग पूर्ण पेपर. पूर्ण पेपर वाचून गाळला तर कारण लिहायचं. पहिले पन्नासेक निकाल दोघांनी करून थांबा, कुठे मतभेद झाले ते बोला, नियम नीट करा, मगच पुढे जा. चाळणीतून आत घेतलेल्या पेपरांची नावं रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत तपासून घ्या. मागे घेतलेले पेपर बिनदिक्कत उद्धृत होत राहतात.

माहिती काढणं: सगळ्यात जास्त घोटाळे इथे

एक तक्ता करा. प्राण्याची जात, वंश, लिंग, वजन, मधुमेह कसा आणला, किती साखर झाल्यावर 'मधुमेही' धरलं, डोस, किती दिवस, किती तास उपाशी ठेवून रक्त घेतलं. 'मधुमेही' धरण्याची रेषा कुणी 200 वर आखतो, कुणी 250, कुणी 300 मिग्रॅ/डेलि वर. नर रॅट स्ट्रेप्टोझोटोसिनला माद्यांपेक्षा जास्त बळी पडतात. हे रकाने आज कंटाळवाणे वाटतात, पण प्रयोग एकमेकांशी का जुळत नाहीत याचं उत्तर पुढे याच रकान्यांत सापडतं.

आता आकडे. फार्माकॉलॉजीच्या पेपरांत आकडा '± 8' असा येतो, आणि हे 8 म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन (प्राण्या-प्राण्यांतला फरक) की स्टँडर्ड एरर (सरासरीतली अनिश्चितता), ते तक्त्याखालच्या बारीक टिपेत असतं. बहुतेक वेळा स्टँडर्ड एरर असतो, कारण तो छोटा दिसतो. गटात 6 रॅट असतील तर 8 ला 6 च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे 2.45 ने गुणायचं. खरं स्टँडर्ड डेव्हिएशन 19.6 निघतं. ही गुणाकाराची पायरी विसरलात तर त्या प्रयोगाचा प्रमाणित परिणाम (सरासरीतला फरक भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन) जवळजवळ अडीचपट मोठा दिसतो. टीप सापडलीच नाही तर लेखकाला विचारा. उत्तर नाही आलं तर स्टँडर्ड एरर धरा आणि तसं लिहा, म्हणजे चूक झालीच तर परिणाम कमी दाखवण्याच्या बाजूने होईल.

आकडे फक्त आलेखात असतील तर वेबप्लॉटडिजिटायझरवर चित्र चढवून मोजता येतात. दोघांनी वेगवेगळं मोजा.

दुसरा सापळा सामाईक कंट्रोल गटाचा, म्हणजे औषध न दिलेल्या तुलनेच्या गटाचा. एकाच पेपरात 100, 200 आणि 400 मिग्रॅ/किग्रॅ असे तीन डोस आणि तिन्हींची तुलना त्याच 6 रॅटांशी. तीन स्वतंत्र तुलना म्हणून घातल्या तर तेच 6 रॅट 18 मोजले जातात. कंट्रोलचे 6 तिघांत वाटा, प्रत्येकाला 2.

तिसरं: पद्धतीच्या भागात 8 रॅट आणि निकालाच्या तक्त्यात 6. दोन कुठे गेले? मेले, की 'चाललं नाही' म्हणून काढले? मधुमेह झाला नाही म्हणून गट पाडण्याआधी काढले असतील तर ठीक. औषध सुरू झाल्यावर गायब झाले असतील तर ती मोठी गोष्ट आहे, कारण सगळ्यात वाईट अवस्थेतले प्राणी गेले की उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारते.

बायस (निकाल एका बाजूला झुकवणारे दोष) तपासा, गुण देऊ नका

सर्कलचं 2014 चं साधन वापरा. त्यात 10 मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला 'हो', 'नाही' किंवा 'अस्पष्ट' असं उत्तर. गट कसे पाडले, सुरुवातीला गट सारखे होते का, पिंजरे कुठे ठेवले, सांभाळणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला गट माहीत होता का, गळालेल्या प्राण्यांचा हिशेब दिला का, वगैरे.

पिंजऱ्याच्या मुद्द्यावर नवखे हसतात. पण रॅकच्या वरच्या फळीवर उजेड जास्त, खालच्या फळीवर कमी. औषधाचा गट सगळा वर आणि कंट्रोल सगळा खाली असेल, तर तुम्ही अर्क मोजताय की दिवा?

भारतीय पेपरांत ठरलेलं वाक्य असतं: 'प्राण्यांची यादृच्छिकपणे विभागणी केली.' कशी, ते नाही. चिठ्ठ्या टाकल्या, संगणकाने आकडे काढले, की पिंजऱ्यात हात घालून जो सापडला तो पहिला? हात घालून पकडला तर जो मंद, आजारी, तोच आधी हाती लागतो. अशा वाक्याला 'हो' देऊ नका. 'अस्पष्ट' द्या. तुमचा तक्ता भरून झाला की पानभर 'अस्पष्ट' दिसेल आणि वाटेल की आपलंच काहीतरी चुकतंय. चुकत नाहीये. या क्षेत्राची स्थितीच तशी आहे, आणि तो तक्ता हाच तुमच्या रिव्ह्यूचा सगळ्यात मोलाचा निकाल असू शकतो.

दहापैकी सात, दहापैकी चार असे गुण मात्र लावू नका. ब्लाइंडिंग नसणं आणि पिंजऱ्याची जागा न सांगणं यांना सारखं वजन द्यायचं कारण नाही.

आकडे एकत्र करायचे का?

नेहमीच नाही. चारच पेपर असतील, एक पाण्यातल्या अर्काचा, एक गार्सिनॉलचा, दोन वेगवेगळ्या मॉडेलचे, तर नीट वर्णन करा आणि थांबा. आडात नसलेलं पोहऱ्यात येत नाही, मेटा-ॲनालिसिसच्या, म्हणजे आकडे एकत्र करण्याच्या, पोहऱ्यातसुद्धा नाही.

करायचंच तर रँडम-इफेक्ट्स मॉडेल घ्या. रॅट वेगळे, डोस वेगळे, लॅब वेगळ्या, तेव्हा एकच खरा परिणाम आहे असं मानणंच चुकीचं. निरोगी गटाचे आकडे मिळत असतील तर परिणाम टक्क्यांत मांडता येतो आणि तो वाचायला सोपा जातो. समजा निरोगी रॅट 90, उपचार न केलेला मधुमेही 330 आणि अर्क घेतलेला 210. वाढ 240 ची, त्यातली 120 उतरली, म्हणजे 50 टक्के सुधारणा. आर या मोफत भाषेतलं मेटाफॉर हे पॅकेज हे सगळं करतं.

आय-स्क्वेअर, म्हणजे प्रयोगा-प्रयोगांतल्या विसंगतीचं माप, मोठा आला म्हणून घाबरू नका, प्राणी-प्रयोगांत तो बहुधा मोठाच असतो. आधी ठरवलेले उपगट पाहा: ब्लाइंडिंग सांगितलेले विरुद्ध न सांगितलेले, नर विरुद्ध मादी. न छापलेल्या निकालांचा अंदाज देणारा फनेल प्लॉट हा आलेख दहापेक्षा कमी प्रयोगांवर काढून काही कळत नाही.

मग फॉर्म बी कडे वळा

आता 'इतकेच प्राणी का' याला उत्तर देता येतं. सरासरी परिणाम सगळ्या प्रयोगांचा घेऊ नका. ज्यांनी यादृच्छिक विभागणी आणि ब्लाइंडिंग नीट सांगितलंय, त्यांचा परिणाम आणि त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन घ्या, आणि नमुना-संख्या, म्हणजे प्रत्येक गटात किती प्राणी हवेत ते, काढा. ती कदाचित 6 येईल, कदाचित 11. 11 आली तर समितीपुढे जास्त प्राणी मागायला संकोचू नका. अपुऱ्या संख्येचा प्रयोग करून सगळेच प्राणी वाया घालवण्यापेक्षा ते बरं, आणि समितीतल्या लोकांना हे कळतं.

कधी उत्तर उलटंही येतं. तोच अर्क, तेच मॉडेल, तोच डोस, पाच ठिकाणी होऊन गेलेला. मग 'पुन्हा कशाला' या चौकटीत लिहायला काहीच उरत नाही आणि प्रयोगाचा आराखडा बदलावा लागतो: माद्यांवर करा, उशिरा उपचार सुरू करून पाहा, किंवा प्राणी न घेता पेशींवर करा. गाइडना हे सांगताना जड जातं, विशेषतः स्ट्रेप्टोझोटोसिनची ऑर्डर गेलेली असेल तर. म्हणून ऑर्डर जाण्याआधी सांगा, आणि बायसचा तक्ता समोर ठेवून सांगा.

रिव्ह्यू जर्नलला पाठवण्याआधी सगळे शोध एकदा पुन्हा चालवा. मधल्या काळात नवे पेपर आलेले असतात. ते त्याच चाळणीतून, दोघांनीच काढा, आणि आकड्यांचा मूळ तक्ता लेखासोबत खुला ठेवा, म्हणजे पुढच्या बॅचला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.